तिसरी भाषा आणि तेरावे वर्ष

मनुष्याच्या आयुष्यात अकराव्या आणि चौदाव्या वर्षांच्या दरम्यान असा एक कालखंड येतो की, त्यात वडीलधाऱ्यांनी सरळ प्रश्न विचारला असता त्याचे सरळ उत्तर मिळण्याची शक्यता जवळजवळ संपुष्टात येते. मुलाचा आवाज फुटू लागलेला असतो, म्हणून तो बोलत नाही. मुलीला, आपण तोंड उघडले तर मैत्रिणी हसतील, ही धास्ती असते, म्हणून ती बोलत नाही. आणि आपले आईबाप सर्वथैव अज्ञ आहेत याची उभयतांना नुकतीच खातरजमा झालेली असल्यामुळे घरी बोलण्याचे काही प्रयोजनच उरलेले नसते. असे असूनही जगातील यच्चयावत शिक्षणखात्यांनी, परस्परांत मसलत केल्यावाचून हे घडणे अशक्य वाटावे इतक्या एकमताने, मुलांना परकी भाषा बोलावयास शिकविण्यासाठी नेमका हाच कालखंड मुक्रर केला आहे.

आमच्या ब्रह्मपुरीत जुनी माणसे पाचवी ते आठवी या इयत्तांना अजून 'मिडल' म्हणतात. हा शिरस्ता मध्यप्रांत-वऱ्हाडच्या अमदानीतला. पुढे १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो, चांद्याचे चंद्रपूर झाले, २६ ऑगस्ट १९८२ रोजी वैनगंगेपलीकडचा मुलूख आमच्यापासून फोडून त्याचा गडचिरोली जिल्हा करण्यात आला; राजधान्या आणि सरहद्दी अशा हलल्या, परंतु मिडल जागचे हलले नाही. याच मिडलमध्ये हिंदी शिकविण्यात माझी उभी हयात गेली. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या परीक्षा देत देत मी 'कोविद' झालो होतो, आणि कोविदाने आपले ज्ञान पुढील पिढीच्या पदरात टाकावे, या सद्धेतूने वर्गात शिरलो होतो. पुढील पिढीने पदर पसरल्याचे मला कधी दिसले नाही.

याचा अर्थ आमची मुले भाषांच्या बाबतीत दरिद्री आहेत असा कोणी करील तर तो घोर अन्याय होईल. ब्रह्मपुरीच्या मुलाची घरची बोली झाडी. तिच्यात 'ण' आणि 'ळ' यांना प्रवेश नाही, त्यामुळे पुस्तकातली मराठी हीच त्याची वस्तुतः दुसरी भाषा ठरते आणि सरकारदप्तरी तिसरी म्हणून नोंदलेली हिंदी त्याच्या हिशेबी चौथ्या क्रमांकावर जाते. वैनगंगा ओलांडली की गोंडी आणि माडिया कानी पडतात. कोरचीकडे छत्तीसगडी, सिरोंच्यात तेलुगू आणि मुलचेरा-चामोर्शीकडच्या निर्वासितांच्या वसाहतींत चक्क बंगाली. गोंदिया-बल्लारशा गाडीत बसलेला आमचा विद्यार्थी गोंदियाच्या फलाटावर समोसेवाल्याशी अशा बिनदिक्कत हिंदीत घासाघीस करतो की, ती ऐकून व्याकरणाचा जीव जावा, पण समोशाचा भाव मात्र खाली यावा. तोच मुलगा सोमवारी माझ्या तासाला उभा राहिला आणि त्याला 'तुम्हारा नाम क्या है?' असे विचारले, तर पायाच्या अंगठ्याने फरशी उकरीत तो अशी मुद्रा करी की, त्याचे नाव ही एक गोपनीय सरकारी बाब असून ती उघड करण्याचा अखत्यार त्याला नाही. त्याला हिंदी येत नव्हती असे नाही. चाळीस समवयस्कांच्या देखत *स्वतःच्या* तोंडाने ती बोलणे त्याला जमत नव्हते. हा भेद माझ्या लक्षात यायला जी घटना कारणीभूत झाली तिच्याकडे मी येतोच आहे. पण निवृत्त शिक्षकाला घाई कसली?

मध्यंतरी, २०२५ साली, या तिसऱ्या भाषेने राज्यात मोठेच रणकंदन माजविले होते. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी अनिवार्य करणारा शासननिर्णय निघाला. १७ जूनला त्यात 'सर्वसाधारणपणे' हे क्रियाविशेषण घालून तो मवाळ करण्यात आला, आणि दुसरी एखादी भारतीय भाषा हवी असल्यास इयत्तेत किमान २० विद्यार्थी जमले पाहिजेत अशी अट पडली. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द होऊन प्रकरण डॉ. नरेंद्र जाधव यांच्या समितीकडे गेले. विदर्भातल्या शाळा उन्हापायी उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांपुढे जाऊन वर्तमानपत्रांत आमच्या गावाचे नाव छापून आणतो, आणि एरवी ते छापून येण्याचे दुसरे कारण वाघ हेच असल्यामुळे त्यातल्या त्यात उन्हाचे आम्हांला फारसे वाईट वाटत नाही. तात्पर्याने सांगायचे तर वर्गांतला उन्हाळ्याचा धुरळा झाडून होतो न होतो तोच एक भाषा आली आणि गेलीसुद्धा.

अशा या वातावरणात माझा नातू न्यू जर्सीहून आला. त्याची सातवी संपली होती. तिकडच्या शाळा जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बंद होतात, म्हणजे आमच्या उघडतात तेव्हा. सबब जुलै महिन्यात ब्रह्मपुरीत हुंदडणारे शालेय वयाचे ते एकमेव रिकामे मूल होते. हा मुलगा रविवारी मराठी शाळेत मराठी शिकतो आणि सोमवारपासून शुक्रवारपर्यंत स्पॅनिश. त्यामुळे दोहोंपैकी कोणती भाषा त्याला अधिक येते, हा प्रश्न आम्ही विचारीत नाही. अमेरिकेतल्या मिडलमध्ये परकी भाषा म्हणून सर्वांत जास्त मुले शिकतात ती स्पॅनिशच. सुमारे २० देशांची ती राजभाषा, आणि खुद्द अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक ती घरी बोलतात, ही कारणे उघडच आहेत. परंतु तेथील सरकारने परकीय भाषांसाठी खजिन्याची थैली मोकळी केली ती निराळ्याच निमित्ताने. १९५७ साली रशियाने स्पुटनिक आकाशात सोडला, त्याची दहशत खाऊन १९५८ साली अमेरिकेने 'राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा' संमत केला, आणि शास्त्र-गणिताच्या पंक्तीला परकीय भाषांनाही पान वाढले. उपग्रह रशियाचा, भय अमेरिकेचे, आणि क्रियापदे मात्र स्पेनची, अशा या त्रिवेणी संगमात तिकडची कोवळी मुले तेव्हापासून स्नान करीत आली आहेत.

नातवाच्या स्पॅनिश अध्ययनाविषयी आमच्या घरात पहिली खळबळ उडाली ती नावावरून. ज्याचे नाव आम्ही पंचांग पाहून, आत्याच्या हस्ते, कानात सांगून ठेवले होते, त्याला तेथील स्पॅनिशच्या बाईंनी पहिल्याच तासाला 'मातेओ' करून टाकले होते! आमच्या सौभाग्यवतींना हे सरळसरळ धर्मांतर वाटले आणि सूनबाईंना तसे त्यांनी दूरध्वनीवर ऐकविलेही. सूनबाईंनी खुलासा केला की, हा तिकडच्या स्पॅनिशच्या वर्गांतला जुनाच रिवाज आहे. प्रत्येक मुलाने यादीतून एक स्पॅनिश नाव निवडायचे आणि तासापुरते तेच मिरवायचे. सौभाग्यवतींचे समाधान झाले नाही. मी मात्र विचारात पडलो. कारण मातेओ तास संपेपर्यंत अखंड बोलतो, आणि आमचा नातू जेवणाच्या टेबलावर हुंकारापलीकडे उत्तर देत नाही, अशी त्याच बोलण्यात सूनबाईंची तक्रार होती.

दुसरी गोष्ट नातवाने स्वतःच सांगितली. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे जेम्स ॲशर नावाच्या एका मानसशास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात असा सिद्धांत मांडला की, तान्हे मूल बोलू लागण्यापूर्वी कित्येक महिने आईचे हुकूम नुसते ऐकते आणि पाळते, सबब परकी भाषा शिकणाऱ्यालाही आधी हुकूम पाळू द्यावेत आणि बोलण्याची सक्ती करू नये. शिक्षकाने 'उठा' म्हणावे, मुलांनी उठावे. 'बसा' म्हणावे, बसावे. 'दाराकडे जा' म्हणावे, जावे. हे ऐकून मी थक्कच झालो. उठणे आणि बसणे या दोन क्रिया लागोपाठ करविण्याची पद्धती आमच्याही शाळांत पिढ्यान्‌पिढ्या प्रचलित होती, कान धरण्याची जोड देऊन ती आम्ही अधिक परिपूर्णही केली होती. परंतु ती भाषाध्ययनाची पद्धती आहे असा दावा करण्याचे कोणा हेडमास्तराच्या मनात आले नाही. कल्पकतेत आम्ही कमी पडतो, ते असे.

माझा एक जुना विद्यार्थी हल्ली येथील एका शाळेत मुख्याध्यापक आहे. सातवीचे हिंदीचे शिक्षक कसल्याशा सर्वेक्षणाच्या कामावर गेले होते. शिक्षकाने शिकविण्याव्यतिरिक्त करावयाच्या कामांची यादी इतकी लांबली आहे की, त्यांपैकी कोणत्या कामावर, हे विचारण्याचा प्रघात आता राहिलेला नाही. धानाची रोवणी ऐन भरात होती, अर्धा वर्ग आईबापांबरोबर बांधीत उतरलेला होता, आणि उरलेला अर्धा खिडकीबाहेर पाहत होता. "सर, तुमच्या नातवाले पाठवा ना जी, पोट्टे तेवढेच गुंतून राहतील," असा निरोप आला, आणि मी नातवाला घेऊन गेलो. शिक्षणशास्त्राच्या इतिहासात अनेक प्रयोगांचे मूळ रिकाम्या तासात असले पाहिजे.

नातवाने आधी फळ्यावर नावे लिहिली आणि ती वाटून टाकली. आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांची, बांगडीवाल्यांची, रेल्वेच्या गँगमनांची मुले क्षणार्धात कार्लोस, लूसिया, दिएगो, इसाबेल झाली. नंतर तो स्वतः उभा राहून 'लेव्हान्ताते!' असे गरजला, आणि हाताने उठण्याची खूण केली. वर्ग उठला. 'सिएन्ताते!' वर्ग बसला. असे चारदोनदा होताच पहिल्या बाकावरची लूसिया रडवेली होऊन म्हणाली, "पन आमचा गुन्हा का जी?" तिला ॲशर महाशयांचा सिद्धांत समजावून सांगणे मला आवश्यक वाटले, पण तोवर गलका ऐकून मुख्याध्यापकच दारात येऊन उभे राहिले. नातू त्यांना अत्यंत प्रेमाने म्हणाला, "ये ना, तू इथे बस." साऱ्या वर्गाने श्वास रोखला. परदेशी वाढलेल्या आपल्या मुलांना मराठीतला 'तू' तेवढा ठाऊक असतो, हे आजोबा मंडळी जाणतात. मुख्याध्यापकांना ते जाणण्याचा प्रसंग आजवर आलेला नव्हता. परंतु लगोलग नातवाने खुर्ची पुढे करून 'सिएन्तेसे' असा जो शब्द उच्चारला, तो मुलांना केलेल्या आज्ञेचे आदरार्थी रूप होते. म्हणजे आमच्या वंशाचा दिवा वडीलधाऱ्यांचा मान राखावयास शिकला आहे. मात्र तो राखतो स्पॅनिशमध्ये.

पाऊण तासात जे दिसले त्यावरून माझे असे मत झाले की, ही भाषा अमेरिकेपेक्षा ब्रह्मपुरीला अधिक मानवेल. इंग्रजी घरातल्या मुलाला, कर्ता बदलला की क्रियापदाची शेपटी बदलते, हेच पटवून देण्यात त्याच्या शिक्षकाचे पहिले वर्ष जाते, असे नातू सांगतो. जातो, जातोस, जातात हे आमच्या मुलाला पाळण्यातच अवगत झालेले असते. वस्तूंना लिंग असते, ही वार्ता ऐकून न्यू जर्सीतला वर्ग हसला होता; आमचा वर्ग, यांना दोनच लिंगे कशी पुरतात, म्हणून हसला. जसे लिहावे तसेच बहुधा वाचावे, या बाबतीत तर इंग्रजीने जन्मभर गांजलेली आमची मुले स्पॅनिशला हृदयाशी धरतील. एकटा 'ह' काय तो अपवाद! तो लिहिला जातो, पण उच्चारला जात नाही. हजेरीपटावर नियमाने दिसणाऱ्या आणि कामावर कधीही न दिसणाऱ्या कर्मचाऱ्याप्रमाणे त्याचा सारा कारभार चालतो, आणि म्हणूनच की काय, त्याच्याविषयी कोणी शंका काढली नाही. प्रश्नार्थक वाक्याच्या आरंभीच एक उलटे प्रश्नचिन्ह मांडण्याची स्पॅनिश चाल मला स्वतःला फार पसंत पडली. विचारणारा आता काहीतरी विचारणार आहे, याची इतकी रीतसर पूर्वसूचना आमच्याकडे सासुरवाडीतसुद्धा मिळत नाही.

इतक्यात मागच्या बाकावरून, उलटे चिन्ह न मांडता, प्रश्न आलाच : "पन हे शिकून का कराचं जी?"

या प्रश्नाचे कूळ थोर आहे. १४९२ साली, ज्या वर्षी कोलंबसाने गलबत हाकारले त्याच वर्षी, आंतोनियो दे नेब्रिखा या पंडिताने कास्तिलियन म्हणजे स्पॅनिश भाषेचे पहिले व्याकरण प्रसिद्ध करून इसाबेल राणीला अर्पण केले. त्याने त्याचा नमुना आधीच सालामांका येथे राणीपुढे रुजू केला होता, तेव्हा राणीने हेच विचारले होते की, याचा उपयोग काय? नेब्रिखा उत्तर देणार, तोच आव्हिलाच्या बिशपांनी ते त्याच्या तोंडून काढून घेतले : महाराणी जे परकी मुलूख जिंकतील तेथील प्रजेला जेत्याचे कायदे आणि जेत्याची भाषा शिकावी लागेल, तेव्हा हे पुस्तक कामी येईल. हा सारा मजकूर नेब्रिखाने स्वतःच प्रस्तावनेत नमूद करून ठेवला आहे. राणीला ते उत्तर पुरले. पाचशे वर्षे झाली, शिक्षणखात्यांनाही थोड्याफार शब्दांच्या फरकाने ते पुरत आले आहे. सातवीतल्या मुलाला मात्र ते पुरत नाही, कारण त्याला तूर्त कोणताही मुलूख जिंकावयाचा नसतो. मला नोकरीत हा प्रश्न दरसाल विचारला जाई आणि मी राष्ट्रीय एकात्मतेवर बोलत असे. मी बोलू लागलो की मुले वहीच्या शेवटच्या पानावर फुली-गोळा मांडीत.

नातवाने एकात्मतेचा उल्लेख केला नाही. "गोष्ट करायची," एवढेच तो म्हणाला. कॅलिफोर्नियातच ब्लेन रे नावाच्या एका स्पॅनिशच्या मास्तराने, हुकूम पाळता पाळता मुले कंटाळतात हे पाहून, वर्गातच एखादी अचाट गोष्ट रचून ती मुलांकरवी वठवून घेण्याची पद्धत काढली आहे. कोणाला तरी काहीतरी हवे असते, ते पहिल्या ठिकाणी मिळत नाही, दुसऱ्या ठिकाणी मिळत नाही, आणि तिसऱ्या ठिकाणी सापडते. वाटेत मास्तर तीच ती वाक्ये फिरवून फिरवून विचारीत राहतो. कोणाची गोष्ट करू या, असे नातवाने विचारले, आणि सारा वर्ग एकमुखाने 'वाघ' म्हणाला. येथे किंचित थांबले पाहिजे. ब्रह्मपुरीच्या वनक्षेत्रात वाघ हा गोष्टीतला प्राणी नव्हे. त्या वर्गात अशी मुले होती की, ज्यांच्या घरची माणसे मोहफुले वेचायला जाताना आजही चौघांची सोबत पाहून निघतात. मी काळजीतच पडलो. परंतु मुलांनी वाघाला जे हवे म्हणून सुचविले ते ऐकून माझी काळजी दूर झाली : वाघाला नुकसानभरपाई हवी होती.

मग तो भरपाईचा अर्ज घेऊन वाघ आधी नागभीडला गेला. तेथे साहेब दौऱ्यावर होते. वडशाला गेला, तेथे पंचनाम्याची नक्कल मागितली. अखेर ब्रह्मपुरीच्या तहसील कचेरीत त्याचे काम झाले, कारण त्याला पाहून कचेरी मोकळी झाली होती. नातवाला यातले निम्मे शब्द स्पॅनिशमध्ये येत नव्हते, आणि पंचनाम्याला तर, मला वाटते, सेर्व्हान्तेसही अडला असता. तेव्हा 'पंचनामा' तसाच, स्पॅनिश उपपद लावून, वापरण्यात आला. वाघाची भूमिका करायला उठला तो, ज्याने उपयोगाचा प्रश्न केला होता, तोच मागच्या बाकावरचा दिएगो. मुख्याध्यापकांनी माझ्या कानात सांगितले की, या मुलाने पाचवीपासून हिंदीच्या तासाला एक वाक्य उच्चारलेले नाही. तो सावकाश पुढे आला, मास्तरांच्या टेबलावर एक पाय ठेवला, वर्गावरून दृष्टी फिरवली, आणि "यो सोय एल तिग्रे!" हे वाक्य अशा खर्जात टाकले की, शेजारच्या आठवीतला भूमितीचा तास थबकला.

तो पवित्रा मी तत्काळ ओळखला. न्यू जर्सीत त्याचे मूळ शोधण्यात अर्थ नव्हता. ते वैनगंगेपलीकडे, वडशाला होते. दिवाळीची मंडई लागली की आमच्या मुलखात झाडीपट्टीची नाटके सुरू होतात आणि थंडी सरेपर्यंत गावोगाव, शंकरपटाच्या निमित्ताने वा निमित्तावाचूनही, रात्री दहाला वर गेलेला पडदा पहाटेपर्यंत खाली येत नाही. नाटक कंपन्यांच्या कचेऱ्यांच्या पाट्यांनी वडशाचा रस्ता भरून जातो. कुरखेडा तालुक्यातील परशुराम खुणे यांना याच रंगभूमीच्या सेवेबद्दल २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा राजधानीला तिची वार्ता लागली. आमच्या पोरांना ती पाळण्यापासून असते. आईच्या मांडीवर, घोंगडीत गुरफटून, अर्ध्या झोपेत ती खलनायकाचे हसणे ऐकतात. घरात ज्याच्या तोंडून शब्द निघत नाही असा पोरगा शाळेच्या संमेलनात मिशी चिकटविली की हिंदीत दरोडा घालतो, उर्दूत प्रेम करतो आणि प्रमाण मराठीत प्राण सोडतो. आणि यांपैकी एकाही भाषेत त्याला सहामाहीत पस्तीस गुण पडलेले नसतात. मिशी उतरली की पुन्हा अंगठा आणि फरशी! मी ते दर संमेलनाला पाहत होतो, टाळ्या देत होतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्याला, मिशीवाचून, त्याचे स्वतःचे नाव विचारीत होतो. तिकडच्या बाई शहाण्या. त्या नाव विचारण्याच्या आधी नवे नाव देऊन टाकतात. मातेओचे वाक्य चुकले तर मातेओचे हसे होते, घरी जाणाऱ्या मुलाचे काही बिघडत नाही. तेरा वर्षांच्या माणसाला अब्रूची जी किंमत वाटते ती पुढे आयुष्यात कधीही तितकी वाटत नसावी, निदान निवडणुका पाहून तरी मला तसे वाटते.

तास संपला तेव्हा वर्ग घरी जायला तयार नव्हता, आणि रोवणीला गेलेल्या अर्ध्या वर्गाला ही बातमी बांधीतच कळून, दुसऱ्या दिवशीच्या हजेरीत अनपेक्षित वाढ झाली. मुख्याध्यापक मात्र चिंताक्रांत होते. झालेल्या तासाची नोंद दप्तरात घेणे प्राप्त होते. 'हिंदी' लिहावे तर ते असत्य; 'स्पॅनिश' लिहावे तर कोणत्या शासननिर्णयान्वये, कोणाच्या परवानगीने आणि वीस विद्यार्थ्यांच्या लेखी मागणीचे कागद कोठे आहेत, अशी पृच्छा होणार; आणि तिसऱ्या भाषेचे प्रकरण राज्यात इतके तापलेले असताना ब्रह्मपुरीच्या एका शाळेने परस्पर चौथीच भाषा सुरू केली, असा बोभाटा झाला तर खुलासा करता करता निवृत्ती येईल. त्यांनी लिपिकाला बोलाविले. लिपिक अनुभवी होता. वर्गात नक्की काय काय झाले, ते त्याने क्रमवार विचारून घेतले, चष्मा पुसला, आणि नोंद केली : विषय, शारीरिक शिक्षण. घटक, उठणे व बसणे. शैक्षणिक साहित्य, वाघ, नग एक.

पुढच्या महिन्यात केंद्रप्रमुख तपासणीला आले. त्या नोंदीपुढे त्यांनी लाल शाईने 'पाहिले' असा शेरा मारून सही केली आहे.